तिसऱ्या प्रकरणातली आई

माजिवडा, ठाणे
४ जून २०२५

प्रिय दादा,

पाकीट जाड आहे म्हणून घाबरू नकोस, कोर्टाची नोटीस नाही. माझं आत्मचरित्र आहे. म्हणजे पहिली तीन प्रकरणं. मुद्दाम मोठ्या टायपात छापून घेतलीत, कारण तुझा चष्म्याचा नंबर वाढला असणार आणि तू तो बदलला नसणार. फोनवर तुला ऐकू येत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर तू नुसता अंगठा दाखवतोस. म्हटलं, पोस्टातल्या माणसाशी पोस्टानेच बोलावं.

झालं असं, की मालिका संपली, तिच्यातली माझी तुळसाआत्या गेली, आणि पेपरात इतकं काही छापून आलं की एका प्रकाशकांचा फोन आला. "मंदाकिनीताई, आता तुमचं आयुष्य लिहा." मी म्हटलं, मला संवाद पाठ करता येतात, लिहिता येत नाहीत. तर त्यांनी सलिल नावाचा एक लेखक दिलाय. मी बोलते, तो लिहितो. माणूस हुशार आहे, फक्त मी एक वाक्य बोलले की त्याची चार होतात. पुस्तकाचं नावही त्यानेच ठेवलंय: 'निखाऱ्यांवरून चालताना'. दिवाळीच्या आधी प्रकाशन आहे. ते मी हट्टाने डोंबिवलीला ठेवायला लावलंय, तुला स्टेजवर बसवायचं म्हणून. नवा सदरा शिवून ठेव.

तू फक्त नावं आणि सालं तपास. माझी सालांची बोंब तुला माहीतच आहे. बाकी डोकं चालवू नकोस.

तुझी
मंदा


टिळकनगर, डोंबिवली (पूर्व)
१३ जून २०२५

चि. मंदास,

प्रकरणं वाचली. सालं बरोबर आहेत. बाकी सगळं चूक आहे.

पहिल्या प्रकरणात तू नुसतं मीठ चाटून, भुकेने कळवळत मोहन्याच्या कारखान्याचा भोंगा ऐकतेस. अगं, भोंगा ऐकून तू कळवळायचीस हे खरं, पण ते शाळेला उशीर झाला म्हणून. बाबा रेयॉनच्या कारखान्यात फिटर होते. कॉलनीत क्वार्टर होतं, दर महिन्याला पगार होता, दिवाळीला बोनस होता. तू मीठ खायचीस ते कैरीला लावून. आणि निखारे म्हणशील तर आपल्याकडे ते फक्त पाण्याच्या बंबात असायचे, त्यांच्यावरून कोणी चाललेलं मला आठवत नाही.

दुसऱ्या प्रकरणात मी येतो. तुझ्या नाटकाची वही टराटरा फाडतो, तुला खोलीत कोंडतो आणि "आमच्या घराण्यात नाचायची पद्धत नाही" असं गरजतो. वाचून मला फार मजा वाटली. जन्मभर पोस्टाच्या खिडकीमागे बसलेल्या माणसाला असा भारदस्त रोल कोण देणार? आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर वाचून दाखवला, तर दोघे जण आदराने सरकून बसले. राहू दे तसाच. फक्त मोहन्याहून कल्याणला तालमीला तुला सायकलवर डबलसीट कोण न्यायचं, ते दुसऱ्या कोणाच्या नावावर टाक, नाहीतर वाचक गोंधळेल.

पण तिसरं प्रकरण आईचं आहे आणि ते मला चालणार नाही. "रंगूबाई, मुक्या गाईसारखी सोशिक माउली, जिच्या ओठांतून कधी शब्द फुटला नाही." मंदा, आपली आई? माझ्या नातीने, ऋजुताने, हे वाचलं. तिने पणजीला पाहिलेलंच नाही. वाचून म्हणाली, "बिच्चारी पणजी!" आपल्या आईला हयातीत बिच्चारी म्हणायची कोणाची छाती नव्हती. माझी नातवंडं तिला त्या पुस्तकातूनच ओळखणार आहेत. तेवढं प्रकरण बदल.

आनंद

ता. क. वन्सं, मी मालन. ह्यांना मजा वाटली असेल, मला नाही वाटली. ह्या माणसाने जन्मात कागदाचा कपटा फाडलेला नाही. जुनी लाइटबिलं मी फाडायला घेतली तरी कासावीस होतात. वही कुठली फाडतायत!


माजिवडा
२६ जून २०२५

प्रिय दादा,

नावं आणि सालं म्हटलं होतं मी.

तुझं पत्र सलिलला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ताई, पगार दर महिन्याला यायचा असं लिहिलं तर पुढचं पान कोण उलटणार?" त्याचंही खरं आहे. नटीच्या आत्मचरित्रात थोडी उपासमार लागतेच, लग्नाच्या पंगतीत जिलबी लागते तशी. नसली तर लोक विचारतात.

वहिनी रागावली म्हणून तुझा खलनायक मी काढून टाकते. कट्ट्यावर तुझा भाव उतरेल, त्याला माझा नाइलाज आहे. पण आईचं प्रकरण राहणार. मी तिच्याबद्दल वाईट काय लिहिलंय? हल्ली लोक आपल्या आयांबद्दल काय काय लिहितात ते वाचलंस तर झोप उडेल. मी तिला माउली म्हटलंय. माउली म्हटल्याचा राग येणारा तू पहिलाच मुलगा.

सोबत चौथं प्रकरण पाठवते. तुळसाआत्या मला कशी सापडली ते. शीळफाट्याला गाडी अडकली होती तेव्हा ओळन् ओळ तपासली आहे. ह्यात चुका काढू नकोस. हे तरी माझं आहे.

मंदा


डोंबिवली
५ जुलै २०२५

चि. मंदास,

हे आधीच्याहून वाईट आहे.

तू लिहितेस, की तुळसाआत्याचं उठणं-बसणं, पदर सारखा करता करता समोरच्याला जोखणं, नाकाच्या शेंड्यावर बोट टेकवून "असू दे, असू दे" म्हणणं, हे सगळं तुला दीर्घ चिंतनातून सापडलं. कसलं चिंतन? ते मोहन्याच्या क्वार्टरमध्ये रोज आपल्या डोळ्यांसमोर होतं.

हळदीकुंकवाच्या बायका गेल्या की आई दाराला कडी लावायची आणि नकलेतून एकेकीला परत आणायची. उत्तराकाकू "नको बाई, नको बाई" म्हणत दोन कप चहा कशा संपवतात. गेटवरचा भिवा साहेबाच्या गाडीला सलाम ठोकताना विडी कुठे लपवतो. कारखान्याचे डॉक्टर नाडी बघता बघता कसे पेंगतात. बाबा पंच्यात तोंड खुपसून हसायचे, कारण पुढचा नंबर आपला आहे हे त्यांना ठाऊक असायचं. मिश्रीचं बोट दातांवरून फिरवत ती ज्याला एकदा न्याहाळायची, तो माणूस संपला. भांडण तर असं करायची की नळावरच्या बायका हंडा भरायचा विसरायच्या. तुझी मालिका सुरू झाली तेव्हा ती असायला हवी होती. टीव्ही लागला की मी मालनला हाक मारायचो, "ये लवकर, आई लागली."

आणि तू एका प्रकरणात तिची जीभ काढून घेतलीस आणि पुढच्या प्रकरणात तिचं सगळं स्वतःच्या नावावर केलंस. उपासमारीचं काय लिहायचं ते लिही, मी हसेन. ह्याला मी हसणार नाही.

हे असंच छापणार असशील तर प्रकाशनाला मी येत नाही. स्टेजवर बसून "मुकी गाय" ऐकण्यापेक्षा घरी मेथी निवडत बसेन.

आनंद


माजिवडा
२० ऑगस्ट २०२५

प्रिय दादा,

इतके दिवस मी तुला लिहिलं नाही आणि सलिललाही घरी येऊ दिलं नाही. रुसले होते. आता रुसण्याचाही कंटाळा आला. ह्या वयात रुसून बसलं तरी समजूत काढायला कोणी येत नाही, आपणच उठून चहा करावा लागतो.

तुला माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. कल्याणला स्पर्धेत मी म्हातारीचं काम केलं होतं ते आठवतं? कॉलेज नुकतं संपलं होतं. तू बाहेर सायकलपाशी होतास. नाटक संपल्यावर आई आत रंगपटात आली. सगळे माझं कौतुक करत होते. आई म्हणाली, "म्हातारी अशी उठत नसती." आणि तिथल्या खुर्चीत बसून तिने उठून दाखवलं. आधी एक हात गुडघ्यावर. दुसरा हात भिंत जवळ आहे का ते चाचपतो. मग मान वर, कोणी बघत तर नाही ना म्हणून. आणि मग उठणं, जसं काही झालंच नाही.

दादा, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमचे मेकअपवाले म्हणाले, "मावशी, तुम्हीच का नाही केलंत काम?" त्या टाळ्या माझ्या होत्या रे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर मी तिला एकाही नाटकाला बोलावलं नाही. आणि त्यानंतरच्या प्रत्येक नाटकात मी तशीच उठले, जशी तिने दाखवली होती. बक्षिसं घेतली त्या उठण्यावर.

म्हणून ती तिसऱ्या प्रकरणात मुकी आहे. तिला बोलू दिलं तर पहिलं वाक्य ती हेच बोलणार. लोक विचारतील, मग ह्या बाईचं स्वतःचं काय? लोकांचं सोड, मलाच ते विचारावंसं वाटतं. तू थट्टा करणार नसशील तर एकच सांग. मी स्टेजवर कधी तरी आईला आवडले होते का?

मंदा


डोंबिवली
२ सप्टेंबर २०२५

मंदे,

गौरी-गणपतीच्या धांदलीत पत्राला उशीर झाला. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि मालन चहाचं विचारायला आली तेव्हा नुसती मान हलवली. मालनला वाटलं, कान गेले तसं आता बोलणंही गेलं.

तू बोलावलं नाहीस म्हणून आई आली नाही, असं तुला इतकी वर्षं वाटतंय? आईला कुठे जायला कधी आमंत्रण लागायचं? कल्याणला तुझं नाटक लागलं की ती पदरचे पैसे देऊन मला तिकिटं काढायला लावायची. मी, ती आणि मालन. मागच्या रांगेत बसायचं, तिने डोक्यावरून पदर ओढून घ्यायचा आणि पडदा पडताच कोणाला न भेटता निघायचं. "तिनं बोलावलं न्हाई, आपण दिसायचं न्हाई," असा नियम. पण चुकवलं नाही एकही.

एकदा घरी आल्यावर मी म्हटलं, "आई, सगळ्या कॉलनीची नक्कल करतेस, एकदा आपल्या मंदाची कर ना." आई काय म्हणाली ते सांगतो. म्हणाली, "तिची काय नक्कल करू? ती माझीच करते, आणि माझ्याहून सुरेख करते." आणि वर म्हणाली, "तिला सांगू नका, डोक्यावर बसंल."

तिने सांगू नका म्हटल्यावर सांगायची आमच्यात हिंमत नव्हती. आता तुझं वय बघता डोक्यावर चढून बसणं तुलाच झेपणार नाही, म्हणून सांगितलं.

आनंद


माजिवडा
९ सप्टेंबर २०२५

माझ्या लाडक्या दादा,

मी रडले. खोटं कशाला सांगू, भांडीवाल्या मावशी आल्या तरी थांबता येईना. त्यांनी गॅस बंद केला, मला पाणी दिलं आणि विचारलं, "शूटिंगचं चाललंय का?"

मग बसले आणि तिसरं, चौथं दोन्ही प्रकरणं स्वतःच्या हाताने लिहून काढली. नळावरचं भांडण आहे, मिश्री आहे, उत्तराकाकूंचा चहा आहे, रंगपटातल्या टाळ्याही आहेत. तुळसाआत्या कोणाची, तेही स्पष्ट लिहिलंय. उपासमार काढली, पगार घातला. तुझी सायकल परत आली, पण सायकलवाला फार गुणी मुलगा निघाला, त्याला तू तयार राहा. सलिलने सगळं वाचलं आणि म्हणाला, "ताई, ह्याला संघर्ष म्हणता येणार नाही." मी म्हटलं, "तुम्ही माझ्या आईला भेटला नाहीत." निखाऱ्यांचं नावही काढून टाकलंय, नवं शोधतोय.

आईचं प्रकरण तिच्याच वाक्याने सुरू होतं. "ती माझीच करते, आणि माझ्याहून सुरेख करते." प्रकाशक तर म्हणतात, हे मागच्या कव्हरवर मोठ्या अक्षरांत घालू. प्रुफं सोबत पाठवते आहे. वहिनीलाही दे वाचायला. पुढच्या आठवड्यात प्रेसला जाईल.

आता येशील ना रे?

तुझी
मंदा


डोंबिवली
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय वन्सं,

हे पत्र मी ह्यांना न विचारता लिहिते आहे आणि माझ्या हाताने पेटीत टाकणार आहे.

प्रकरण वाचून मी इतकी हसले की शेगडीवरचं दूध गेलं. सासूबाई अगदी अशाच होत्या. ऋजुतानेही वाचलं. ती आता बिच्चारी म्हणत नाही. म्हणते, "आजी, तू त्यांच्याबरोबर एका घरात राहिलीस? मग तूच ग्रेट!" तुम्ही फार चांगलं केलंत.

पण ते पहिलं वाक्य. वन्सं, मी त्या दिवशी तिथेच होते, चुलीपाशी पिठलं ढवळत होते. सासूबाई तसं म्हणाल्या नाहीत. सुरेख हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलाच नाही. माझ्या लग्नातल्या शालूलासुद्धा त्या "बरा हाय" म्हणाल्या होत्या. त्या दिवशी म्हणाल्या ते असं: "तिची काय नक्कल करू? ती माझीच करतीया. आन् वर मलाच तिकीट काढाया लावतीया!" आणि इतक्या हसल्या की मिश्री घशात गेली आणि ह्यांना पाठ चोळावी लागली. डोक्यावर बसंल, हे मात्र खरं आहे. ते त्या म्हणाल्या.

ह्यांना विचारलं, दोन महिने बहिणीला खरं लिही, खरं लिही म्हणून छळलंत, आणि हे काय केलंत? तर म्हणाले, "ती विचारत होती, आवडले होते का. मग तिला काय तिकिटाचं सांगू?" आणि कानातलं मशीन काढून ठेवून पेपर वाचत बसले.

तुम्ही रडलात असं लिहिलंत, म्हणून मला हे सांगताना जिवावर आलं. नुसतं तुमच्या-आमच्यात राहिलं असतं तर मी तोंड उघडलं नसतं. पण ते पुस्तकाच्या पाठीवर छापून येणार. सासूबाई वर बसून म्हणतील, हे मी कधी म्हटलं? त्यांचा राग मला परवडणार नाही, वन्सं. मलाही शेवटी तिकडेच जायचंय.

तुमची
मालन


माजिवडा
१९ सप्टेंबर २०२५

प्रिय वहिनी,

तुझं पत्र दारातच उभ्याने वाचलं आणि अशी हसले की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं.

"मलाच तिकीट काढाया लावतीया!" अगं, हीच ती! दादाचं वाक्य वाचून मी रडले खरी, पण रडतानाही कुठेतरी वाटत होतं, ही इतकी गोड बोलणारी बाई कोण? तुझं वाक्य वाचलं आणि आई घरात आली. बोट गालात, पदर खोचलेला, आणि मला कसं पकडलं म्हणून खूश. मी मोठ्याने म्हणून पाहिलं, तिच्या आवाजात. एकदा, दोनदा. घरात कोणी नव्हतं म्हणून बरं, नाहीतर मावशींनी परत पाणी आणलं असतं.

तुला जिवावर यायचं काही कारण नव्हतं. मला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर त्यातच आहे. ती तिकीट काढत होती, वहिनी. पुन्हा पुन्हा काढत होती. कोथिंबीर फुकट घातली नाही तर निवडलेली भाजी भाजीवालीच्या टोपलीत परत टाकून घरी येणारी बाई. न आवडलेल्या गोष्टीसाठी तिने एकदा तरी तिकीट काढलं असतं का?

प्रेसला फोन करून काम थांबवलं. वाक्य बदललं, मागच्या कव्हरवरचंही. सलिल हळहळला. म्हणाला, "ताई, आधीचं जास्त चांगलं होतं, वाचकांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं." मी म्हटलं, "माझ्या आईला बघून कोणाच्या डोळ्यांत पाणी आलंच, तर ते हसून यायचं."

दादावर रागावू नकोस. जन्मभर लोकांची पत्रं जशीच्या तशी पोचवली त्याने. एकाच निरोपात ढवळाढवळ केली, तीही माझ्यासाठी. त्याला मशीन लावायला सांग, समोर बसव आणि ओरडून सांग, मंदा रागावलेली नाही. सदरा इस्त्री करून ठेव. स्टेजवर खुर्ची तुझीही आहे, त्याच्या शेजारी. आणि पुस्तकात आईचं वाक्य जाणार, ती म्हणाली तसंच, तिकिटासकट. त्याचं वाक्य मी छापणार नाही. ते मी माझ्यापाशी ठेवून घेतलंय.

तुमची
मंदा